बटण मी बंद केलं नव्हतं

बोलायचं म्हणे! जन्मभर माझ्या तोंडाला तोंड लावून सगळे जण बोलून गेले आणि आता उतारवयात मी स्वतःचं सांगायचं. ह्या पेटीत माझ्या शेजारी एक नवा बिनवायरचा माईक येऊन पडलाय. दिसायला चकचकीत. बॅटऱ्या खातो आणि प्रश्न विचारतो. "आजोबा, तुम्ही खराब कसे झालात?" सारखं तेच. कान किटले माझे. तर घे बाबा, सांगतो एकदाचं. मी खराब झालो नाही. मला खराब ठरवलं. दोन्हीत फरक आहे, तो तुझ्या कोवळ्या जाळीत शिरेल तर बघ.

मी माईक. वायरचा. कारखान्यात कुणी कुणी मला जोडलं, मला आठवत नाही आणि त्यांनाही आठवत नसणार. लोखंडी जाळी, जड बूड आणि बरोबर अंगठ्याखाली येणारं एक बटण. शिक्षण म्हणाल तर शाळेत गेलो ते कार्यक्रमापुरता, तेही टेबलावर आडवा पडून. त्यामुळे माझ्याकडून गोड भाषेची अपेक्षा ठेवू नका.

माझा मालक साउंडवाला. सगळे त्याला काका म्हणतात. माणूस कमी बोलतो, त्यामुळे आमचं जमलं. त्याची एक सवय होती. बोलणाऱ्याचा अंगठा चुकून बटणावर पडू नये म्हणून तो माझ्या बटणावर काळी चिकटपट्टी लावायचा. अगदी घट्ट. वर अंगठा फिरवून बघायचा. आजारी पोराचं कपाळ बघावं तसा.

आम्हाला मोठं काम एकच. दरवर्षी एका हॉटेलच्या हॉलमध्ये कॉलेज प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्यांची परिषद भरायची. मुलांना कुठल्या कॉलेजात जावं, अर्ज कसा भरावा हे सांगणारे शाळांमधले लोक, आणि तेच अर्ज उघडून बघणारे कॉलेजांमधले लोक. गळ्यात दोरी, दोरीला नाव, खांद्याला फुकटची पिशवी. फळ्यावर लिहिलेलं असायचं, 'व्यावसायिक विकास'. मी पुढं उभा असायचो, मला सगळं दिसायचं. विकास दिसला नाही. सकाळी बिस्किटं संपलेली दिसली, दुपारी माना पडलेल्या दिसल्या. पण एक सांगतो, वाईट माणसं नव्हती ती. चहाच्या वेळी एकमेकांना सांगायची, "माझ्या त्या पोराला मिळाला गं प्रवेश!" आणि सांगताना डोळे पुसायची. म्हणून तर पुढचं सांगायला जड जातं.

जेवणानंतरचा तास झोपेचा. ती झोप उडवायला त्यांनी एक रीत पाडली होती, 'निबंधांचा तास'. अर्जाबरोबर मुलं स्वतःबद्दल निबंध लिहितात. त्यातले फसलेले निवडायचे, नाव खोडायचं आणि वाचून दाखवायचे. शिकण्यासाठी हं, असं म्हणायचे. नाव खोडलं की झालं, कुणालाच लागत नाही, अशी त्यांची पक्की समजूत.

हा तास घ्यायचे हशावाले सर. मोठ्या कॉलेजच्या प्रवेश विभागात होते. खरं नाव दोरीला लटकलेलं असायचं, पण सगळे म्हणायचे, "चला चला, हशावाले सर उभे राहिले." आवाज काय गोड! मला हातात घेताना असे धरायचे की मला वाटायचं, आपण कुणीतरी आहोत. फक्त एक खोड. बोलता बोलता नखानं माझी चिकटपट्टी उचकटत बसायचे.

त्यांचा हुकमी निबंध एकच. कुठल्याशा मुलीनं लिहिला होता की तिची आई लॉन्ड्रीत कामाला, शाळा सुटली की ही तिथं जायची, कपड्यांच्या गाठोड्यांवर झोपायची, आणि आता आवाजावरून सांगू शकते मशीनचं काय बिघडलंय, म्हणून इंजिनिअर व्हायचंय. त्यात एक वाक्य होतं. 'मला आईपेक्षा मशीननं जास्त झोपवलं आहे.' सर तिथं थांबायचे. भुवया उंचावायचे. मग मला तोंडाजवळ घेऊन मशीनचा आवाज काढायचे, "घर्रर्र... घर्रर्र... निज माझ्या बाळा... घर्रर्र..."

हॉल फुटायचा. माना पडलेले ताठ बसायचे. पाण्याच्या बाटल्या लवंडायच्या.

आणि ते घर्रर्र माझ्यातून जायचं. सरांच्या तोंडून निघायचं तेव्हा नुसतं घशातलं खरखरणं होतं. त्याला मशीन मी बनवलं. त्याला बूड दिलं, घुमारा दिला, मागच्या भिंतीपर्यंत नेऊन आपटलं. हसू परत यायचं ते माझ्या जाळीवर आदळायचं आणि मला बरं वाटायचं. वर्षभर पेटीत पडून मी त्या घर्रर्रची वाट बघायचो. आता लपवून काय उपयोग?

त्या वर्षीही तसंच झालं. घर्रर्र झालं, हशा झाला. सर म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. नवीनच होती, कुठल्याशा शाळेत मुलांना मार्गदर्शन करायची. पुढं आली. सरांनी हसतच मला तिच्या तोंडापुढं धरलं, पण हातातून सोडलं नाही.

ती म्हणाली, "सर, हा निबंध मी लिहिला होता."

कुणीतरी अजून हसत होतं, ते मध्येच थांबलं.

"तुमच्या कॉलेजनं नाही घेतलं. दुसऱ्यानं घेतलं, ते ठीक आहे. पण सर, ते वाक्य माझं नाही. ते वाक्य माझ्या आईचं..."

सरांचं नख आधीच पट्टीखाली होतं. अंगठा सरकला. टक्.

मला तो अंगठा कळला. ओला होता, गार होता. मुलीचे ओठ हलत होते, श्वास माझ्या जाळीवर येत होता, आणि मी मेल्यासारखा. ती काय म्हणाली ते पहिल्या रांगेनंही धड ऐकलं नसेल. सरांनी मला झटकल्यासारखं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे, माईक खराब झाला वाटतं! काका, काय हे सामान आणता? चला, प्रश्न चहाच्या वेळी घेऊ."

मुलगी जागेवर जाऊन बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि तिचा बंद नुसताच गुंडाळत राहिली.

काकांनी घरी नेऊन मला उघडलं. तारा बघितल्या, फुंकर मारली. सगळं ठणठणीत. मग उलटा केला. पट्टी अर्धी उचकटलेली, बटण खाली. बराच वेळ बघत बसले. काकूंनी विचारलं, "काय झालं हो त्याला?"

"काही नाही. खराब झालाय."

"मग टाकून द्या की."

"असू दे."

सगळं कळलं होतं त्यांना. पण परिषदेचं काम सर देत होते. काकांनी मला पेटीच्या तळाशी ठेवलं आणि हा नवा दिवटा आणला. मला राग आला का? आला. पण काकांवर किती रागवायचं? त्यांनी एकदा तोंड मिटलं. मी वर्षानुवर्षं घर्रर्र केलं.

पेटीत दुसरं कामच नसतं. झाकण लागलं की मला ते अर्धं वाक्य ऐकू यायचं. ते वाक्य माझ्या आईचं... माझ्या आईचं काय? मी नको तिथं किंचाळलोय. लग्नात किंचाळलो, शोकसभेत किंचाळलो. त्या घर्रर्रच्या वेळी मात्र एकदाही घसा बसला नाही माझा. त्याची लाज अजून जात नाही.

पुढच्या वर्षी परिषदेत पेटी हॉलच्या दाराशीच ठेवली होती, झाकण उघडं. सर त्या मुलीला बाजूला घेऊन आले. सरांचा चेहरा उतरलेला. वर्षभर नीट झोपला नसावा असा माणूस.

"हे बघ बाळा, मागच्या वेळी जरा... पण मी तुझं नाव तर घेतलं नव्हतं ना?"

"नाव नव्हतं घेतलं सर. आईला हसण्यावारी घेतलं होतं."

सर गळ्यातली दोरी ओढत राहिले.

"आई अजून विचारते, ते माझं वाक्य आवडलं का गं त्यांना? मी म्हणते, हो, खूप आवडलं. आता तिला काय सांगू, सगळ्या हॉलला आवडलं म्हणून?"

"चुकलंच माझं. माफ कर."

"इथं दाराशी? घर्रर्र माईकवर केलंत. माफीही माईकवर मागा."

"अगं, दोनशे लोक..."

"तेव्हाही तेवढेच होते."

ती आत निघून गेली. सर तिथंच उभे. काका सगळं ऐकत होते, वायरी गुंडाळल्यासारखं करत. मग वाकले. नव्याला बाजूला सारलं आणि तळाशी हात घालून मला काढलं. बटण वर केलं, नवी काळी पट्टी लावली, अंगठा फिरवला.

"हा घ्या सर. चालू आहे. मागच्या वेळीही चालूच होता."

सर मला घेऊन मंचावर गेले. लोक सावरून बसले, हसायच्या तयारीनं. कुणीतरी खालून ओरडलं, "सर, घर्रर्र!"

सर म्हणाले, "आज वाचन नाही. एक सांगायचंय. ह्या तासात आपण मुलांचे निबंध वाचतो. त्यात... कळत नकळत... कुणाचं मन दुखावलं गेलं असेल, तर..."

असेल तर! नख पुन्हा पट्टीवर आलं. पट्टी नवी होती, हलली नाही. सर येरझाऱ्या घालत सरकत सरकत स्पीकरच्या तोंडासमोर आले, आणि मग मी किंचाळलो. असा किंचाळलो की पहिल्या रांगेनं कान झाकले. स्पीकरसमोर धरला की माईक किंचाळतोच, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. पण जीव तोडून किंचाळलो एवढं खरं.

काकांनी आवाज लगेच कमी केला नाही. सावकाश, अगदी सावकाश, आवाजाच्या मशीनकडं हात नेला.

शांत झालं तेव्हा सर घामानं भिजले होते. म्हणाले, "असेल तर नाही. दुखावलं. मागच्या वर्षी ही मुलगी बोलत होती आणि बटण मी बंद केलं. माफी मागतो. तिची आणि तिच्या आईची. तिचं वाक्य राहिलं होतं."

ती पुढं आली. त्यांनी मला तिच्या हातात दिलं. सोडलंही.

ती म्हणाली, "फार काही नाही. आई मला नेहमी म्हणायची, 'तुला माझ्यापेक्षा त्या मशीननंच जास्त झोपवलं गं.' म्हणायची आणि रडायची. मला वाटलं, कुणालातरी सांगावं, की मी झोपले होते. चांगली झोपले होते. म्हणून लिहिलं."

तिचा आवाज बारीक होता. मी त्याला बूड दिलं, मागच्या भिंतीपर्यंत नेला. जेवढं त्या घर्रर्रला दिलं होतं तेवढंच. ह्यावेळी हसू परत आलं नाही. काहीच आलं नाही. दोनशे माणसं आणि एक खुर्ची वाजली नाही.

निबंधांचा तास त्यानंतर बंद झाला. आता जेवणानंतर लोक झोपतात. झोपू दे.

मुलीची माफी मात्र मी मागू शकलो नाही. माझ्यातून सगळ्यांचं निघतं, माझं निघत नाही. एवढं सांगायचं होतं म्हणून ह्या दिवट्याच्या टुमण्याला बळी पडलो. कधी ती पुन्हा मला हातात घेईल, तर बाई, जाळी जरा गरम लागली तर समजून घे.

आणि आता शेवटचं. त्या दिवशी कार्यक्रम संपला. मुलगी सरांशी हात मिळवून गेली. सरांनी मला काकांकडं दिलं, रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "काका, बाकी सगळं ठीक, पण हा माईक खरंच खराब आहे हं. केवढ्यानं किंचाळला!"

काकांनी मान हलवली आणि मला पुन्हा तळाशी ठेवलं.

तिला तिची माफी मिळाली. तिच्या आईला मिळाली. मला खराब म्हटल्याची माझी राहिलीय. कुणाकडं, ते नीट ऐकून ठेव रे दिवट्या, उद्या तुला तेच हातात घेतील. हशावाले सर.