सहाशे किलोमीटर खालचं पाणी

आसारामचं डोकं फिरलंय, असं मी भर दुकानात म्हणालो. म्हणणारच! बोअरची गाडी बोलवायची तर माणूस आधी पाणाड्याला विचारतो. तो तळहातावर नारळ ठेवून रानभर हिंडतो, नारळ उभा राहिला की तिथं खूण. आसाराम मात्र म्हणाला, "पाणाड्या कशाला, सोमलिंगअप्पा? आमच्या दिपालीला पाणी घावलंय. जमिनीच्या पोटात, समुद्राएवढं."

दिपाली त्याची थोरली. अंबाजोगाईला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. "दगडाचं शिकून काय करणार, नर्सिंगला जा," म्हणून ह्याच आसारामनं तिचं डोकं खाल्लं होतं. दिवाळीत तिनं बापाला एक धडा वाचून दाखवला आणि गडी एकदम पलटला. गावभर लेकीचं कौतुक सांगत सुटला. गाडी यायची त्या दिवशी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. खूण तिनंच करायची म्हणे.

पोरगी रानात आली. नारळ, हळदकुंकू, जमलेले लोक बघून तिचा चेहराच उतरला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अप्पा, ते पाणी बोअरला लागत न्हाई. पण आता सांगितलं तर आबा पुन्हा नर्सिंग काढतील."

"मग सांगू नको. गाडी येऊ दे, फुफाटा उडू दे, मग नशिबावर ढकलता येईल," मी म्हणालो. शेवटी दुकानदाराचाच सल्ला. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच नजर वळवली.

"दुकानात तुरटी हाय का?" तिनं विचारलं.

तिच्या आईनं, सावित्रीबाईनं, तीन दगडांवर चहा केला होता. दिपालीनं चहा उतरवला, दुसरी कोरडी पातेली चढवली, त्यात मी आणलेला तुरटीचा खडा टाकला आणि वर ताटली झाकली.

"आबा, हा खडा ओला होता का?"

"न्हाई बा. खडखडीत वाळलेला."

आत रटरट आवाज सुरू झाला. तोंड आलं की आमच्याकडं घरोघरी तुरटीची लाही करतात, पण वर झाकण ठेवून कुणी बघितलंय? तिनं ताटली उचलली. खालून पाणी टपटपत होतं.

"हे पाणी खड्यातच होतं. खड्याचा भाग होऊन बसलेलं. खाली दगडात तसंच हाय, पण ह्याच्यापेक्षा लई घट्ट. तिथला एक निळा दगड असतो, त्याचा कण एका हिऱ्याच्या पोटात अडकून वर आला, म्हणून कळलं." तिनं ताटली बापापुढं धरली. "पण ते पाचशे-सहाशे किलोमीटरवर हाय, आबा. तुमी ऊस तोडायला कोल्हापूरकडं जाता ना, जवळजवळ त्याच्या दुप्पट, आणि सरळ खाली. माणसाचं सगळ्यात खोल भोक बारा किलोमीटरचं. गाडी परत पाठवा."

खरं सांगतो, मला भरून आलं. जन्मभर तुरटी विकली, पण तिच्यात पाणी असतं हे ठाऊक नव्हतं. आणि ज्या जमिनीला आम्ही करंटी म्हणून शिव्या घालतो, तिनं पोटात एवढं जपून ठेवलंय! मी आपसूक चपला काढल्या.

आसारामनं ताटलीवरून बोट फिरवलं आणि ओल्या बोटाकडं बघत राहिला. मग फोन लावून गाडी पाटोद्याच्या वाटेवरूनच परत पाठवली. दिपाली मान खाली घालून उभी होती. आता पुन्हा नर्सिंग निघणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

लोक पांगायला लागले. जाता जाता शेजारच्या रानातल्या आश्रुबानं डिवचलंच, "काय बे आसाराम, पोरीनं पाणी दावलं का न्हाई?"

"दावलं की," आसाराम म्हणाला. "लई खाली हाय. आपल्या गावातून तिथवर एकटी माझी पोरगीच गेलीय. आता अर्ध्या वाटंतून माघारी बोलवू का बे तिला?"