डावीकडचं टोक

सहलीला येणारी मुलं तिला 'गाठीच्या बाई' म्हणत. नेमणुकीच्या कागदावर तिचं पद 'शैक्षणिक उपक्रम सहायक' असं होतं, पण एवढं लांबलचक काहीतरी उच्चारून हाक मारायला वेळ कुणाला आहे? बावीस वर्षं ती शाळेच्या मुलांना सागरी इतिहासाच्या या संग्रहालयातून फिरवत होती, आणि बावीस वर्षं सात नंबरच्या काचपेटीपाशी आली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

पेटीत तीन डोलकाठ्यांचं, हातभर लांबीचं जहाज होतं. शिडं, दोर, दोरांची वेटोळी, सगळं खऱ्यासारखं. खाली पितळी पाटी: 'कप्तानसाहेबांनी स्वहस्ते बनवलेली प्रतिकृती.' स्वहस्ते म्हणे. कप्तानसाहेबांनी स्वहस्ते चहाचा कप उचलला असेल तर असेल. ते जहाज तिच्या बाबांनी बनवलं होतं. बाबा गोदीत दोरकामगार. कप्तान निवृत्त होणार म्हणून कामगारांनी त्याला भेट द्यायचं ठरवलं, आणि बाबा अकरा महिने घरच्या खिडकीपाशी बसून केसाएवढ्या दोऱ्यांना गाठी मारत राहिले. ती तेव्हा आठ वर्षांची होती. मेण लावलेला दोरा ताणून धरायचं काम तिच्याकडे असे. पुढे कप्तानाच्या घरच्यांनी जहाज संग्रहालयाला दिलं आणि देता देता बनवणाराच बदलून टाकला.

तिनं तीन वेळा अर्ज केला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, पुरावा जोडा. आता खिडकीपाशी बसलेल्या माणसाचा पुरावा कुठून आणायचा? मग ती मुलांना तोंडीच सांगू लागली, पाटी चुकीची आहे म्हणून.

नव्या संचालकांच्या कानावर हे गेलं. त्यांनी तिला बोलावून छापील कागद हातात ठेवले.

"बाई, यात आहे तेवढंच वाचायचं. शब्द इकडचा तिकडे नको. पुन्हा असं काही कानावर आलं तर शाळांचं काम तुमच्याकडे राहणार नाही."

"बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ घरात तिच्या नवऱ्याला चांगलाच ठाऊक होता. संचालकांचा अजून तेवढा सहवास झाला नव्हता.

बुधवारी सहावीचा वर्ग आला. बत्तीस मुलं, त्यांच्या घाईत असलेल्या शिक्षिका, आणि मागे हाताची घडी घालून स्वतः संचालक. तिनं कागद अक्षरन् अक्षर वाचला, स्टेशनवर गाडीची घोषणा करतात तशा आवाजात. पितळी पाटीसुद्धा वाचली.

कागदावर पुढचं वाक्य होतं: 'विद्यार्थ्यांकडून साधी गाठ बांधून घ्यावी.' हे तिचं राज्य. मुलं पेटीसमोरच्या बाकांवर बसली, प्रत्येकाच्या हातात वीतभर दोरी आली. "मी बांधते तशी बांधा. वरून घ्या, खालून काढा, ओढा." एकतीस दोऱ्यांची मोकळी टोकं उजवीकडे गेली. शेवटच्या बाकावर बसलेल्या, दोन वेण्यांच्या मुलीचं टोक डावीकडे गेलं.

"अगं, उलटी झाली तुझी," शिक्षिका म्हणाल्या. "सोड ती. नीट मार."

मुलगी खाली मान घालून गाठ उकरू लागली. हे तिला नवीन नसावं.

"सोडू नकोस," गाठीच्या बाई म्हणाल्या. "ओढून बघ. सुटते का?"

मुलीनं जीव खाऊन ओढली. गाठ जागची हलली नाही.

"मग ती उलटी नाही. ती डावी गाठ आहे, आणि पक्की आहे."

कागदावर त्यापुढे होतं: 'प्रतिकृतीवरील गाठींचे निरीक्षण करावे.' मुलं पेटीभोवती गोळा झाली. दोन वेण्यांची मुलगी काचेला नाक लावून बराच वेळ उभी राहिली. एकदा हातातल्या दोरीकडे, एकदा जहाजाकडे.

"बाई, यातल्या सगळ्या गाठी माझ्यासारख्या आहेत."

आणखी एकतीस नाकं काचेला लागली. खरंच होतं. झाडून सगळ्या गाठींचं मोकळं टोक डावीकडे. बावीस वर्षं ती या पेटीपुढे चडफडत उभी राहिली होती आणि पुरावा काचेच्या आत बसून होता. तिला हे सुचलं कसं नाही? बाबा डावखुरे, पण नेहमी समोर बसून शिकवायचे, आरशात बघितल्यासारखं. त्यामुळे त्यांचं डावं तिला कधी डावं वाटलंच नव्हतं.

"म्हणजे कप्तान डावखुरे होते?" मुलीनं विचारलं.

उत्तर बाईंच्या ओठांवर आलं होतं. मागे संचालक खाकरले.

"ते या कागदात दिलेलं नाही," ती म्हणाली. "डोळे दिलेत ना देवानं? बघा इकडे तिकडे."

बघायला लांब जावं लागलं नाही. समोरच्या भिंतीवर कप्तानाचा मोठा फोटो होता. नोंदवहीवर सही करताना, पेन उजव्या हातात.

"जुने फोटो कधी कधी उलटे छापले जायचे," संचालक पुढे येऊन म्हणाले.

"पण सर, मग टोपीवरची अक्षरंही उलटी आली असती," एक चष्मेवाली म्हणाली.

संचालकांनी घड्याळात पाहिलं.

शेवटी प्रश्नपत्रिका असे. प्रश्न चौथा: 'ही प्रतिकृती कोणी बनवली?' बत्तीस कागदांवर, कमीअधिक शुद्धलेखनात, एकच उत्तर आलं: डावखुऱ्या माणसाने, कप्तानांनी नाही. तिनं लाल पेन घेतलं आणि एकेका उत्तरापुढे ठसठशीत बरोबरची खूण केली. 

दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा संचालकांच्या टेबलावर होता.

"उत्तरसूचीत 'कप्तान' आहे. ही सगळी उत्तरं चूक आहेत."

"तुम्ही पुरावा मागितला होता. बत्तीस जणांनी दिलाय."

"कप्तानांचं घराणं आपल्या विश्वस्त मंडळावर आहे, बाई. सहावीच्या पोरांच्या सांगण्यावरून पाटी बदलायची का? या खुणा खोडा, मी विषय संपवतो."

"नाही खोडणार. माझ्या बाबांना तुम्ही चाळीस वर्षं डावललंत. आता त्यात माझाही हात लागायला नको."

सोमवारपासून तिची बदली तिकीट खिडकीवर झाली.

खुर्चीत बसताना तिला बाबांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. शाळेत उजव्या हातानं लिहावं म्हणून मास्तरांनी त्यांचा डावा हात दोरीनं बाकाला बांधला होता. बाबांनी गाठ दातांनी सोडली आणि डाव्या हातानंच पाटी लिहून भरली.

साडेदहाला दारात शाळेची बस थांबली. मुलांपुढे वाचायचा कागद आता दुसऱ्याच कुणाकडे होता. तिकीट खिडकीत काय बोलायचं ते मात्र कुणी लिहून दिलं नव्हतं. रांगेतल्या पहिल्या मुलीला तिनं तिकीट दिलं आणि तिकिटाबरोबर वीतभर दोरी.

"ही कशाला?"

"गाठ मार एक. आणि सात नंबरच्या पेटीत बघ, तिथल्या गाठींचं टोक कुठे जातं."

"आणि मग?"

"मग आत ज्यांच्या हातात कागद आहे ना, त्यांना विचार, का म्हणून. पुढचा ये."