एकट्या येऊ नका

दाताच्या डॉक्टरचं नाव कुणालाही विचारता येतं. शेजारीण सांगते, किराणावाला सांगतो, वर स्वतःची कवळी काढून दाखवतो. दिवाळखोरीच्या वकिलाचं नाव विचारायचं म्हणजे मात्र विचारतानाच सगळं सांगून टाकणं. म्हणून मी कुणालाच विचारलं नाही. पडद्यांचं दुकान आतून बंद केलं आणि कापायच्या टेबलावर बसून फोनवरच शोधलं.

पहिल्या वकिलानं मायेनं विचारलं, "घटस्फोट आहे का ताई?"

"नाही हो. नवरा वारलाय."

"मग?"

"आता दुकान वारतंय."

घर माझ्या नावावर आहे का एवढं त्यांनी विचारलं, आणि नाही म्हटल्यावर त्यांची माया आटली. दुसऱ्या वकिलाच्या ऑफिसातल्या मुलीनं "कर्ज बुडवलंय का?" असं इतक्या मोठ्यांदा विचारलं, की दार नीट लागलंय ना ते मी उठून पाहिलं.

तिसऱ्या वकीलबाई आमच्याच भागातल्या, चपलांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "होईल," म्हणाल्या. "कोर्टाच्या भाषेत याला नादारीचा अर्ज म्हणतात. शब्दाला घाबरू नका. उद्या या. फक्त एकट्या येऊ नका, घरचं कुणीतरी बरोबर हवं. एकट्या माणसाचं काम मी घेत नाही."

"असं का?"

"एकटी माणसं सही करून जातात आणि घरी फाइल गादीखाली घालून झोपतात. तारखेला कोर्टात मी आपली एकटीच उभी."

माझ्या घरचं कुणीतरी म्हणजे मुलगी, आणि ती दुसऱ्या शहरात. आईचं दुकान जोरात चाललंय असं तिला वाटत होतं. तसं वाटावं म्हणून मी कष्टही बरेच घेतले होते. रविवारी तिचा फोन वाजला की मी आधी शिलाईचं मशीन चालू करायचे, मग फोन उचलायचे.

तरी गेले. बँकेची शेवटची नोटीस पर्समध्ये होती, आणि या बाईंनी नाही म्हटलं तर चौथा नंबर लावायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत चौकातला फोटो स्टुडिओवाला बसला होता. त्याच्या दुकानाची पाटी उतरवताना मी पाहिली होती.

"माझा भाऊ खाली गाडी लावतोय," त्यानं न विचारताच सांगितलं.

"माझी बहीण येतेच आहे," मी म्हटलं.

बराच वेळ आम्ही जिन्याकडे बघत बसलो. खाली पावलं वाजली की दोघंही चेहरा तयार करायचो. मग ती पावलं चपला घेऊन निघून जायची.

शेवटी तो म्हणाला, "तुम्हाला बहीण... आहे ना?"

"तुमच्या भावाकडे गाडी आहे ना?"

तो हसला. माझ्या बोलण्यावर कुणी हसल्याला किती दिवस झाले होते, कोण जाणे.

"मग असं करू," तो हळूच म्हणाला. "आधी मी तुमचा भाऊ. मग तुम्ही माझी बहीण."

"ते एकच झालं."

"म्हणजे तर सोपंच."

आत वकीलबाईंनी आम्हाला नीट न्याहाळलं. "हे कोण?"

"थोरले भाऊ."

"अरे वा. दादा, बहिणीला मुलं किती?"

दादानं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. "दोन," तो म्हणाला. "दोन्ही हुशार."

"एकच मुलगी आहे," मी म्हटलं. "पण हुशार आहे."

वकीलबाई हसल्या नाहीत. "दादा, तुम्ही बाहेर बसा. ताई, त्या एकीला फोन लावा. इथूनच." आणि स्वतः उठून बाल्कनीत गेल्या, दार ओढून घेतलं.

"आई? आज रविवार नाही," मुलगी म्हणाली. "आणि मशीनचा आवाज कसा नाही?"

"मशीन बंद आहे गं. बरेच महिने बंदच आहे." मग मला थांबता येईना. बँक, नोटीस, वकील, सगळं एका दमात सांगून टाकलं.

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मग तो आवाज कसला यायचा?"

"रिकामंच चालवायचे."

"तुला काम आहे म्हणून मी दोन मिनिटांत फोन ठेवायचे, आई."

मी टेबलावरचा पेपरवेट उचलला, परत ठेवला.

"वकिलांना दे," ती म्हणाली. आवाज चिडलेला होता. मला तो फार बरा वाटला.

त्या दोघी बराच वेळ बोलल्या. मग वकीलबाईंनी वकीलपत्र पुढे सरकवलं आणि मी सही केली.

बाहेर स्टुडिओवाला खुर्चीच्या कडेला टेकला होता. "झालं?"

"झालं."

"चांगलं झालं," तो म्हणाला, अगदी मनापासून.

वकीलबाई दारात आल्या. "दादा, तुम्ही कुणाला फोन लावताय?"

त्यानं मोबाइल काढला आणि बोटानं नावं वर सरकवत राहिला. सरकवत राहिला. मग तो खिशात ठेवून दिला. "सगळी गिऱ्हाईकंच आहेत," म्हणाला.

मी पर्स खांद्याला लावली होती, जिना समोर होता.

"तारखेला यांना मी घेऊन येईन," मी म्हटलं. "मला तसंही यायचंच आहे."

"तुम्ही यांच्या कोण?"

"कुणी नाही."

त्यांनी थोडा वेळ आम्हा दोघांकडे पाहिलं. मग दार पूर्ण उघडून बाजूला झाल्या. "या," म्हणाल्या, "दोघंही."