डेव्हिएशनमध्ये पास

१९८६ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, मी दातांना तार बसवून घ्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं. जवळजवळ म्हणतो, कारण पूर्ण नक्की असं मी आयुष्यात फारसं काही केलेलं नाही.

माझे वरचे दात पुढे आहेत. लहानपणापासून बोलताना मी तोंडावर हात धरत आलो. माझी बायको लता म्हणायची, "बघायला आलात तेव्हा तासभर तोंड उघडलं नाहीत. मला वाटलं, मुलगा मुका आहे. म्हटलं, बरंच झालं."

तोंडावर हात धरून माझं भागत होतं. अंबडच्या एका कारखान्यात मी स्टोअरचा क्लार्क होतो, आणि नट-बोल्टांशी बोलावं लागत नाही. उरलेला वेळ पुस्तकांत जायचा. घोटाळा त्या पुस्तकांनीच केला. आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात रविवारी वंदना झाल्यावर कुणीतरी पुस्तक वाचून दाखवावं, असं बायकांनी ठरवलं. त्यांतल्या बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती. कुणीतरी म्हणजे मी, हे सांगायला यशोदाबाई स्वतः घरी आल्या. ऐंशीच्या घरातल्या, तोंडात एकही दात नाही, आणि आवाज तीन गल्ल्यांना पुरेल असा.

"केरू, एवढी पुस्तकं वाचतो, ती जातात कुठं?"

"आजी, मला चारचौघांत वाचता येत नाही. 'स' म्हटलं की शिट्टी वाजते."

"वाजू दे. फार तर कुत्री येतील."

"मी दातांना तार बसवणार आहे. मग वाचीन."

"किती दिस लागतील?"

"दोन वर्षं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दोन वर्षांनी मी भिंतीवरच्या फोटोत असंन. उद्याचा नाय, पुढच्या रविवारी ये. नाय आला तर म्हाताऱ्या माणसाला नाय म्हणलास असं समजंन."

खरं तर तोपर्यंत मी डॉक्टरचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. तार ही माझी जुनी सबब होती. पण बोलून बसलो होतो, म्हणून दुसऱ्याच दिवशी, रविवारी, द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे मुंबईहून दर रविवारी एक दातांचे डॉक्टर येत. भला माणूस. त्यांनी गुलाबी लगदा तोंडात दाबून दातांचा साचा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं आणि तासाभरानं माझे दात माझ्या हातात ठेवले.

"या वयातही होतं," ते म्हणाले. "घरी न्या, विचार करा. बसवायचं असेल तर पुढच्या रविवारी दहा वाजता हे घेऊन या."

घरी ते प्लास्टर कुठे ठेवायचं? आमच्याकडे शेजारणींची ये-जा असायची. सोमवारी मी ते डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेलं आणि हाताच्या सवयीनं डावीकडच्या रॅकवर ठेवून दिलं. इथे मी चुकलो. आमच्या स्टोअरमध्ये आलेला माल आधी डावीकडे ठेवायचा, असा नियम होता. मग तपासणीवाला येऊन तो ड्रॉइंगमधल्या मापांप्रमाणे मोजी आणि चिठ्ठी बांधी. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे परत. माप चुकलेलं, पण कामाला चालण्यासारखं असेल तर पिवळी. त्याला डेव्हिएशन म्हणत.

चहा पिऊन आलो तर तपासणीवाला पुंजाराम माझे दात लोखंडी पाटावर ठेवून मापाचा व्हर्नियर लावत होता. हा कळवणचा गडी. कामात त्यानं कधी चेष्टा केल्याचं मला आठवत नाही.

"भाऊसाहेब, ह्या मालाचं ड्रॉइंग नाय आलं का?"

"पुंजारामभाऊ, तो माल नाही. माझे दात आहेत."

त्यानं पाटावर पाहिलं, मग माझ्या तोंडावरच्या हाताकडे. "हात काढा. ओरिजिनल बघू द्या."

मी काढला. का काढला कोण जाणे. तो पुढून, बाजूनं बघत राहिला, आणि मी तोंड उघडून उभा. "प्लास्टरमध्ये बरोबर उतरलंय," तो म्हणाला.

"पण ड्रॉइंग नसताना पास-नापास ठरवणार कसं?" मी विचारलं.

"सोपं हाय. ह्या पार्टानं काम काय करायचं, ते विचारायचं. भाकरी चावता?"

"हो."

"बोलता?"

"थोडं."

"थोडं का?"

माझा हात पुन्हा तोंडाकडे गेला. त्यानं पिवळी चिठ्ठी काढली, लिहिली, सही केली आणि सुतळीनं माझ्या दाढेला बांधली. 'नग एक. पुढची ओळ चार मि.मी. बाहेर. कामाला अडचण नाही. डेव्हिएशनमध्ये पास.' मग तो बेअरिंगच्या खोक्याकडे वळला.

रविवारी मी विहारात गेलो ते पिशवीत दात घेऊनच. नऊला वंदना संपेल, दहा मिनिटं वाचू, आजींना तोंड दाखवलं असं होईल आणि दहाला द्वारका गाठू, असा माझा बेत. समोर तीस-पस्तीस बायका. बुद्धांच्या जीवनावरचं जाडजूड पुस्तक उघडलं तर पंख्यानं पानं फडफडायला लागली. जवळ वजन असं काहीच नव्हतं. शेवटी पिशवीत हात घातला आणि दात पानावर ठेवले.

यशोदाबाई पहिल्या रांगेतून पुढे वाकल्या. "हे कुणाचे रे?"

"माझेच."

"मग तोंडात कुणाचे घालून आलास?"

सगळा विहार हसला. मीही हसलो. एका हातानं पुस्तक धरलेलं, दुसऱ्यानं दात. तोंडावर ठेवायला तिसरा नव्हता.

"वाच आता. मोठ्यानं."

वाचलं. पहिल्याच ओळीत शिट्टी वाजली, दुसरीतही. एक लताच काय ती हसू दाबत तोंडात पदर धरून बसली होती. पान संपलं की यशोदाबाई म्हणत, "फुडं." गोष्ट राजवाड्यातून निघून रानात पोचली होती, आणि तिथे मध्येच थांबू कसा? भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजलेले मी पाहिले. साडेदहाही पाहिले.

घरी जाताना लता म्हणाली, "अहो, डॉक्टर?"

"पुढच्या रविवारी जाऊ," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी पुस्तकाचं दुसरं प्रकरण होतं.