एका कण्यावर पाच स्टिकर

मंगळवार, १२ मार्च २०१९. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी कुउसिरांता गावच्या वाचनालयात मला हिरव्या हातगाडीवर ठेवण्यात आले. माझ्याआधी तिच्यावर अठ्ठावीस पुस्तके होती, मी एकोणतिसावी. या गाडीवर चढलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘रद्द’ असा शिक्का बसतो आणि शुक्रवारी ते रद्दीत जाते. माझ्या हाती तीन दिवस उरले होते.

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. जुनी म्हणजे आठ वर्षांची. वाचनालयाच्या हिशेबात हे वय थोडे नाही. माझी पाने चारशे सोळा. सोळा पानांची एक घडी अशा सव्वीस घड्या दोऱ्याने शिवून मला बांधले आहे. कणा एकतीस मिलिमीटर रुंद, त्यावर निळे कापड आणि कापडावर चंदेरी अक्षरांत नाव. ज्या छापखान्यात माझा जन्म झाला, तेथील बांधणी-कामगाराने मला दोन्ही हातांनी उघडून पाहिले आणि तो म्हणाला, ‘‘ही काही लवकर सुटायची नाही.’’ त्याचे म्हणणे खरे ठरले. माझी शिवण आजही घट्ट आहे. मोडला तो कणा, आणि तो वाचकांनी मोडला नाही.

माझी कथा सांगते. दीपगृहाच्या राखणदाराच्या मुलीचा समुद्रातल्या ड्रॅगनांच्या सेनापतीवर जीव जडतो. आणि त्याच सेनापतीच्या फौजेपासून तिला आपले बेट वाचवायचे असते. माझ्या एकशे सत्त्याऐंशी पानांवर ड्रॅगन आहेत, दोनशे तीन पानांवर प्रेम आहे, आणि यांपैकी एकशे एक्केचाळीस पानांवर दोन्ही एकत्र आहेत. ड्रॅगन काढून घेतले, तर ती मुलगी कोणावर प्रेम करणार? प्रेम काढून घेतले, तर फौज दारात असताना ती बेटाचे दार का उघडणार? इतकी साधी गोष्ट समजून घ्यायला कोणाला आठ वर्षे लागावीत काय?

लागली. आमच्या वाचनालयात प्रत्येक कादंबरीच्या कण्यावर तळाशी बावीस मिलिमीटर व्यासाचा एक गोल स्टिकर लावतात. प्रेमकथेला लाल बदाम, अद्भुतकथेला हिरवा ड्रॅगन. बदामाचे कपाट खिडकीशी आहे, ड्रॅगनाचे जिन्याखाली. नियम असा, की एका पुस्तकाला एकच स्टिकर. ग्रंथपाल राइली केत्तुनेन या नियमाच्या पक्क्या. बाई मनाने वाईट नाहीत. पण ज्याची खूण ठरलेली नाही, त्याचे काय करावे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

२०११ साली त्यांनी मला हिरवा ड्रॅगन लावला. दोन वर्षे बरी गेली. नंतर सूतगिरणीतून निवृत्त झालेले यंत्रजोडारी ओइवा तास्किनेन यांनी मला घरी नेले आणि आठवड्याने टेबलावर आणून ठेवले.

‘‘राइली, ही बया नव्वद पानं झाली तरी त्याच्या डोळ्यांचा रंगच सांगतेय. अगं, वेशीवर फौज उभी आहे! तटबंदी कोण बघणार?’’

राइलीबाईंनी माझा ड्रॅगन काढला. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडायची आणि बोथट सुरीने खरवडायचे, ही त्यांची पद्धत. डिंकाबरोबर कापडही निघाले. वर लाल बदाम बसला आणि मी खिडकीशी गेले.

तेथे मला शिवणकाम करणाऱ्या आउने लेह्तोरांता यांनी उचलले. वय बहात्तर, बोलण्याला धार कात्रीची.

‘‘राइली, मला लग्नाची गोष्ट हवी होती. चौथ्याच पानावर गलबत जळलं! असला जावई मी माझ्या सॉना-न्हाणीच्या चुलीजवळसुद्धा उभा करणार नाही. घरदार पेटवायचा मेला.’’

बदाम निघाला, ड्रॅगन परत आला. पुन्हा गरम हवा, पुन्हा सुरी. २०१६ साली पुन्हा बदाम, २०१८च्या एप्रिलमध्ये पुन्हा ड्रॅगन. पाच स्टिकर लागले, त्यांतले चार खरवडून काढले. माझ्या नावाची शेवटची चार अक्षरे त्या सुरीबरोबर गेली. मित्रांनो, मला सांगा, यात माझा अपराध कोणता? ओइवांना तटबंदी आवडते, आवडू द्या. आउनेबाईंना लग्न आवडते, तेही चांगलेच आहे. परंतु एकाची आवड दुसऱ्याच्या कपाटावर कायदा कशी होते? आणि प्रत्येक वेळी कातडी माझीच का सोलली जाते?

मी ज्यांना आवडले त्यांनी कधी तक्रारीची वही उघडली नाही. शाळेची बस चालवणारी हेल्का सकाळची फेरी संपवून दुपारच्या फेरीपर्यंत बसमध्येच मला वाचत असे. बर्फात उभ्या असलेल्या त्या बसच्या काचांवर तिच्या श्वासाची वाफ धरायची. तिने मला तीनदा नेले आणि वेळेवर परत केले. ती कोणाला काही म्हणाली नाही. मी आवडले हे सांगायची वही वाचनालयात नाही. ती फक्त तक्रारींची आहे!

आता त्या मंगळवारकडे येते. २०१७पासून नियम झाला होता, की ज्या पुस्तकाला दोन वर्षांत किमान सहा वाचक मिळत नाहीत, ते काढून टाकायचे. संगणकावर माझ्या नावासमोर चार असा आकडा होता. म्हणून मी गाडीवर.

साडेदहाच्या सुमारास हेल्का आली. आधी तिने खिडकीचे कपाट पाहिले, मग जिन्याखालचे. शेवटी ती टेबलापाशी आली.

‘‘राइली, ती दीपगृहवाली कुठे ठेवलीस?’’

‘‘गाडीवर आहे गं. काढून टाकतेय. कोणी वाचत नाही ती.’’

‘‘कोणी वाचत नाही?’’ हेल्काचा आवाज पहिल्यांदाच चढला. ‘‘मग मी कोण?’’

वर्तमानपत्राच्या मेजाशी ओइवा आणि आउनेबाई कॉफी घेत होते. दालचिनीचा पाव खाली ठेवून ओइवा उठले.

‘‘कोण ती? डोळ्यांच्या रंगाची?’’ त्यांनी मला गाडीवरून उचलले आणि मागचे पान उघडले. आमच्या वाचनालयात संगणक आला, तरी परतीच्या तारखांचा शिक्का मारायचा कागद अजून शेवटच्या पानावर चिकटवलेला असतो. ओइवांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नखाने एकेक तारीख मोजली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

‘‘राइली, दोन वर्षांत इथे नऊ शिक्के आहेत. तुझं यंत्र चार म्हणतं. एकतर शिक्का खोटा, नाहीतर यंत्र.’’

‘‘अहो, यंत्र कसं चुकेल?’’

‘‘चाळीस वर्षं यंत्रंच दुरुस्त केली मी. चुकण्याशिवाय ती काही करतच नाहीत.’’

राइलीबाईंनी संगणकाच्या पडद्यावर माझी जुनी नोंद उघडली. मग त्यांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. त्यांनी हळू आवाजात सांगितले, की पुस्तकाचे कपाट बदलले की त्याची नोंद नव्याने करतात आणि वाचकांचा आकडा शून्यापासून सुरू होतो. बदामाच्या कपाटात मला पाच वाचक मिळाले होते. ते पाच, ड्रॅगनाच्या कपाटात जाताना, नाहीसे झाले होते.

म्हणजे ऐका! पाच आणि चार नऊ. नियमाला हवे होते सहा. दोन तऱ्हेच्या वाचकांना मी आवडले, म्हणून मी कोणालाच आवडत नाही असे ठरले. केवळ प्रेमकथा असते तर वाचले असते. केवळ ड्रॅगनांची असते तरी वाचले असते. दोन्ही असल्याची शिक्षा मला मिळत होती, आणि ती शिक्षा देणाऱ्याला आपण शिक्षा देतो आहोत हे ठाऊकही नव्हते. याचा मला आजही संताप येतो.

‘‘पण ओइवा, तुम्हालाच तर ती आवडली नव्हती ना?’’ राइलीबाईंनी विचारले.

‘‘अजूनही नाही आवडत. पण आकडा चुकलाय.’’

आउनेबाई कपातली उरलेली कॉफी संपवून म्हणाल्या, ‘‘जावई मला पसंत नाही तो नाहीच. पण गिऱ्हाईकाचं माप मीच चुकीचं घ्यायचं आणि वर कापड फाडायचं, असं मी पन्नास वर्षांत नाही केलं, राइली. घाल ती परत.’’

 हेल्काने हात पुढे केला आणि ओइवांनी मला तिच्या हातात दिले.

त्या आठवड्यात राइलीबाईंनी माझा फाटलेला कणा पातळ कागद आणि खळीने सांधला. मी ड्रॅगनाच्या कपाटातच राहिले. बदामाच्या कपाटात माझ्या जागी ओइवांनी एकतीस मिलिमीटर जाडीचा बर्चच्या लाकडाचा ठोकळा करून ठेवला आणि त्यावर लिहिले, ‘‘ती जिन्याखाली आहे. डोळ्यांचे वर्णन फार.’’ राइलीबाईंनी दुसरे वाक्य खोडायला सांगितले. ओइवांनी खोडले नाही.

मित्रांनो, पुस्तक आवडले नाही तर जरूर मिटा. आम्ही रुसत नाही. पण ते मिटताना दुसऱ्याच्या हातात जाण्याची त्याची वाट मिटवू नका. त्याच्या पाठीवर खूण लावण्याआधी ते उघडून पाहा. एका खुणेत ते मावत नसेल, तर दोष खुणेचा आहे. सुरी पुस्तकावर चालवू नका. आणि जे आवडले ते मोठ्याने सांगा, कारण तक्रार करणारे गप्प बसत नाहीत.

शुक्रवारी रद्दीची गाडी येण्यापूर्वी राइलीबाई आणि ओइवा यांनी हिरव्या हातगाडीवरच्या प्रत्येक पुस्तकाचे मागचे पान उघडून शिक्के नव्याने मोजले. कपाटात परत गेलेली पुस्तके, माझ्यासह: अकरा.