पिटाळणी

गोरोदेत्समध्ये स्तेपानिदा येर्मोलायेव्नाच्या तोंडाला कुणी लागत नसे. ती बाजारात शिरली की मासेवाला कालचे मासे आपणहून टोपलीच्या तळाशी ढकलायचा. चर्चमध्ये ती पुढे उभी असली की पाद्रीबाबाही प्रवचन आटोपतं घ्यायचे.

या तोंडापायी घरात मात्र एक गोष्ट राहून गेली होती. तिचा सावेली एक्केचाळिशीला आला तरी बिनलग्नाचा. व्होल्गावरच्या धरणाच्या दारांतून मोठाली जहाजं वर-खाली करणं हे त्याचं काम. एवढी जहाजं पार केली, पण घराच्या दारातून एक सून काही आत आणता आली नाही. तीन मुली येऊन गेल्या. पहिलीच्या कोबीच्या सूपची चव घेऊन स्तेपानिदाने विचारलं होतं, "हे आता प्यायचं, की यात भांडी बुचकळायची?" दुसरीला तिच्या चालण्यावरून बोलली आणि तिसरीला तर तिच्या गप्प बसण्यावरून.

आता चौथी. उल्याना. गावातल्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर, मूळची नीज्नी नोवगोरोदची. सावेलीने आईला समोर बसवून सांगितलं, "आई, आज तिची आई येतेय. ही गेली तर यापुढे मी कुणालाही या दारात आणणार नाही. भांडणारही नाही. नुसता गप्प राहीन."

सावेली गप्प राहिला की वर्षवर्ष गप्प राहू शकतो, हे त्या माउलीला पक्कं ठाऊक होतं. त्याचा बापही तसलाच होता.

म्हणून आदल्या दिवशी तिने आजीचा लाकडी साचा काढला. त्यात समोरासमोर दोन हंस कोरलेले. मध, आलं, लवंग घालून पीठ मळलं, साच्यात दाबून ठसा उठवला आणि हातभर लांबीचा प्र्यानिक, म्हणजे मधाचा जाड केक, भाजून कोठीत ठेवला. एवढा मोठा प्र्यानिक गोरोदेत्समध्ये ज्याच्यापुढे ठेवतात तो माणूस घरचा झाला, असं समजायचं. तोंडाने वेगळं काही सांगायचं नसतं. गावात शेंबड्या पोरालाही ते कळतं.

फाइना प्लातोनोव्ना दुपारच्या बोटीने आली. उंच बाई, डोक्यावर निळी टोपी, पाठ ताठ. तीस वर्षं नीज्नीच्या रस्त्यांवर ट्राम चालवलेली. दारात उभी राहून तिने आधी खिडक्यांवरची कोरीव नक्षी खालपासून वरपर्यंत पाहिली.

"घर आहे की लग्नातला झालरीचा झगा?" ती म्हणाली. "धूळ कोण पुसतं याची?"

"पाऊस पुसतो," स्तेपानिदा म्हणाली. "तुमच्या नीज्नीत पाऊसही महापालिकेला विचारून पडत असेल."

उल्यानाने डोळे मिटून घेतले. सावेलीने हातातला चमचा घट्ट धरला. पण फाइना हसली आणि टोपी काढून खुंटीला लावली. स्तेपानिदाला ही बाई तिथेच आवडली. बोललं तर मोडत नाही, उलट परत देते!

माशाचं सारण भरलेला पिरोग झाला, कोबीचं सूप झालं, चहाचा समोवार दोनदा भरला. स्तेपानिदाची कळी अशी खुलली की ती आजीच्या गोष्टी सांगायला लागली.

"त्या काळी इथे धान्याचे व्यापारी होते. जेवायला बसले की उठायचं नाव नाही. पोटं सुटलेली, दाढ्या चहात बुडालेल्या. 'आता निघा' असं तोंडाने कसं म्हणायचं? मग घरची बाई आतून प्र्यानिक आणून समोर ठेवायची. तो दिसला की कितीही मोठा शेठ असो, मुकाट टोपी शोधायला लागायचा. आम्ही त्याला पिटाळणी म्हणतो."

"सोय चांगली आहे," फाइना म्हणाली. "मला बिचारीला घंटा बडवावी लागायची."

सगळे हसले. सावेलीच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं स्तेपानिदाला स्पष्ट दिसलं. मग तिने त्या दोघांना नदीकाठी फिरायला पिटाळलं. दोन आयांमधलं बोलणं दोघींतच व्हायला हवं.

ती कोठीत गेली. हातभर प्र्यानिक नक्षीदार टॉवेलवर घेतला, दोन्ही हातांनी आणून फाइनाच्या पुढ्यात ठेवला आणि कमरेवर हात ठेवून, मान वर करून उभी राहिली. आता ही बाई डोळे पुसणार, गळ्यात पडणार.

फाइनाने प्र्यानिककडे पाहिलं. अर्धा कप चहा खाली ठेवला. चेहरा हळूहळू लाल झाला. ती उठली, खुंटीवरची टोपी घेतली.

"आभारी आहे, स्तेपानिदा येर्मोलायेव्ना. जेवण उत्तम होतं. समजलं मला."

आणि गेली.

स्तेपानिदा जागची हलली नाही. नकार! तिच्या आजीच्या हंसांकडे पाहून, चहासुद्धा न संपवता नकार! मग तिला राग चढला. हाक मारायला ती काय कुणाची मोलकरीण होती? तिने बशा अशा आदळल्या की शेजारची कापितोलिना कुंपणाशी आली.

"स्तेपा, काय गं केलंस त्या बाईला? मला बोटीची वेळ विचारत होती. डोळ्यांत पाणी. म्हणाली, मला प्र्यानिक दाखवला."

"दाखवला म्हणजे? मान दिला मी तिला!"

"तिला वाटलं पिटाळणी."

"पिटाळणी?" स्तेपानिदा किंचाळली. "अगं, पिटाळणी असते तळहाताएवढी! हा हातभर आहे. यावर हंस आहेत! आंधळ्यालाही बोटांनी कळेल!"

"ते इथल्या आंधळ्याला. नीज्नीच्या बाईला प्र्यानिक म्हणजे प्र्यानिक. पण मला सांग, तिला पिटाळणीची गोष्ट सांगितली कुणी?"

स्तेपानिदाने तोंड उघडलं. त्यातून काहीच बाहेर पडलं नाही. चाळीस वर्षांच्या शेजारात कापितोलिनाने असं प्रथमच पाहिलं.

पुढच्या क्षणी ती घरातल्या चपलांवरच धक्क्याकडे निघाली होती, काखेत टॉवेलात गुंडाळलेला प्र्यानिक. उतारावरच्या लाकडी पायऱ्यांना अंत नव्हता. खाली बोटीचं इंजिन सुरू झालेलं. रांगेच्या टोकाला ती निळी टोपी दिसली. तीन मुली गेल्या तेव्हा आपण दाराबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं, हे स्तेपानिदाला आज, धापा टाकताना आठवलं.

"विहीणबाई!" ती ओरडली.

अर्धा धक्का वळला. टोपी वळली नाही.

"अहो निळ्या टोपीच्या विहीणबाई! तुम्हालाच!"

फाइना सावकाश वळली. "मी कुणाची विहीण? मला तर हाकललंय."

"हाकललं नाही. आमच्याकडे लहान असतो तो जाण्याचा. मोठा असतो तो राहण्याचा."

"आणि मधला?"

"मधला आम्ही करत नाही."

"मग हे मघाशी सांगायला काय झालं होतं? बाकी सगळं सांगितलंत. व्यापाऱ्यांच्या दाढ्यासुद्धा!"

स्तेपानिदाने काखेतला प्र्यानिक तिच्यापुढे धरला. "चुकलं," ती पुटपुटली.

"इंजिनाचा आवाज आहे. ऐकू येत नाही."

"चुकलं माझं!" स्तेपानिदा अशा आवाजात गरजली की पलीकडच्या काठावरच्या कोळ्यानेही मान वर केली असेल.

"आजी, चढताय का कुणी?" बोटीवरचा माणूस वैतागून म्हणाला.

"दिसत नाही का, बोलतोय आम्ही! जा तू," दोघी एकदमच म्हणाल्या.

बोट गेली. दोघी धक्क्यावरच्या बाकावर बसल्या. फाइनाने टॉवेल उघडला, एका हंसाची मान मोडली आणि चावली. स्तेपानिदा तिच्या जबड्याकडे टक लावून बघत राहिली.

"आलं जास्त झालंय," फाइना म्हणाली.

स्तेपानिदाच्या जिभेवर एक उत्तर आलं. फार सुंदर होतं, ट्रामवरचं. तिने ते दातांनी धरून ठेवलं, मग हंसाच्या शेपटीबरोबर गिळून टाकलं.

"लग्नातल्यात कमी घालीन," ती म्हणाली.

सावेली आणि उल्याना काठाकाठाने आले तेव्हा बोट दूर वळणावर पोचली होती. दोन्ही आया धक्क्यावर बसलेल्या पाहून सावेली पांढराफटक पडला.

"आई, काय केलंस?"

"लग्न ठरवलं. ऑगस्टमध्ये. आज विहीणबाई आपल्याकडे राहताहेत, जा, वरच्या खोलीतली गादी झटक."

"ऑगस्टमध्ये?" फाइना बाकावर सरसावून बसली. "ऑगस्टमध्ये आमच्याकडे लोणची घालतात! सप्टेंबर."

"सप्टेंबरात चिखल असतो. पाहुणे काय गमबूट घालून नाचणार?"

"नाचतील! माझी ट्राम तर बर्फातही चालायची!"

सावेलीने उल्यानाचा हात धरला आणि आयांना तिथेच भांडत सोडून दोघं गादी झटकायला पायऱ्या चढू लागली.