अस्वलाच्या नावावर

माशी डाव्या गालावर बसली होती, आणि ते मनकर्णाला कळलं ते तांब्यात बघून. गालाला काही कळत नव्हतंच. घासून लखलखीत केलेल्या पितळी तांब्याच्या पोटात एक पसरट तोंड, त्यावर एक काळा ठिपका. ठिपका चालायला लागला, नाकाकडे, मग वर, डोळ्याकडे... डोळ्याच्या ओल्या कडेशी पोचला तेव्हा कुठं तिचा हात उठला. माशी उडाली. गाल तसाच, गुळगुळीत, मख्ख. मांडीचं कातडं ते, त्याला काय पडलंय माशीचं!

"तांब्या घासून राह्यली का तोंड पाहून राह्यली?" आतून वहिनीनं हाक दिली. "आटप ना माय. ते लोक छोट्या लाइनीच्या गाडीनं निंगाले असतीन."

ते लोक म्हणजे चांद्याचा अयूब बांगडीवाला, त्याची बायको आणि मुलगी. लहानपणी कढईतलं तेल उडून मुलीच्या डोळ्याखालची कातडी भाजली होती, आकसली होती, डाग राहिला होता. तो डाग काढून द्यायला डॉक्टर कल्लूरवार तयार होते. चांद्यात त्यांनी नवा दवाखाना काढला होता. आता डॉक्टरला हे काम येतं का, हे बांगडीवाल्यानं कसं ओळखायचं? तर डॉक्टरनंच सांगितलं होतं, मूल गावाला जा, मुखरूच्या बहिणीचं तोंड पाहून या, मग बोला. म्हणजे मनकर्णाचं तोंड हे डॉक्टरचं सर्टिफिकेट. काच लावून दवाखान्यात टांगायचं तेवढं राहिलं होतं!

भाऊ मुखरू सकाळीच धानाच्या बांधीत गेला होता, पण वहिनीच्या, सुगंधाबाईच्या, अंगात वारं शिरलं होतं. ओसरी सारवून झाली, शेजारून कपबशा आल्या, मनकर्णाच्या हातात स्वतःचं निळं लुगडं कोंबून झालं. "तू अशी आतल्या खांबाजोळ बस. उजेड उजव्या अंगानं पडते," वहिनी म्हणाली आणि स्वतःशीच हसली. "जसं मांगणीलेच येऊन राह्यले कोणी."

मनकर्णालाही हसू आलं, उजव्या अर्ध्या तोंडानं येतं तेवढं. मागणी घालायला तिला कधी कुणी आलंच नव्हतं. यायचे होते. चिमूरकडचं स्थळ होतं, मोहाचा हंगाम सरला की मुलगी पाहायला येतो म्हणाले होते. आणि त्याच हंगामात, पहाटेच्या झुंजुमुंजू उजेडात, मोहाखाली टोपली टेकवून ती वाकली, तर झाडाच्या पलीकडच्या अंगाला कुणीतरी आधीच फुलं खात होतं. ते आधी पाहून गेलं आपल्याला, असं ती पुढं मनातल्या मनात म्हणायची. एकदाच पाहिलं, आणि नापसंत केलं.

तिनं सूप मांडीवर ओढलं. पाहुणे येईपर्यंत चार विड्या वळून होतील. तेंदूच्या पानावर तंबाखू पसरायची, पान वळायचं, दोरा... बोटांना सवय होती, डोळ्याला मात्र एवढ्या वर्षांत झाली नाही. डाव्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढलेली, आतली लाली उघडी. तंबाखूचा कण उडाला की डोळा घळाघळा वाहायचा. रात्री तो मिटायचा नाही, ओल्या फडक्याची घडी बांधून झोपावं लागायचं. नवखं माणूस हमखास विचारायचं, रडतेस काऊन बाई? आणि तिचं उत्तर तयार असायचं: रडत नाई, डोळाच तसा हाय.

डोळाच तसा आहे... पण तसा नव्हता तो. अस्वलानं गाल फाडला होता, नाकाची एक बाजू नेली होती, डोळ्याखाली ओरखडा होता. पण डोळा मिटत होता. नागपूरला नेताना बैलगाडीत आणि मग रेल्वेत तिनं तो मिटूनच घेतला होता, कारण डब्यातली पोरं बघून ओरडत होती.

नागपूर तेव्हा राजधानी होती. दवाखान्यात मोठे साहेब होते, पांढऱ्या मिशांचे, लढाईत फौजेबरोबर जाऊन आलेले. बंदुकीनं उडालेली तोंडं शिवली आहेत म्हणे त्यांनी. बोलायचे हिंदीत, तेही मोजकं. मांडीचं कातडं काढून गाल त्यांनी घातला, नाक त्यांनी उभं केलं. आणि त्यांच्या मागं ट्रे धरून उभे असायचे छोटे डॉक्टर... कल्लूरवार. चांद्याचे! मुखरूला ते कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला होता. साहेब कुठले, काय शिकले, हे त्यानं विचारलं नाही. छोट्या डॉक्टरची मात्र पाळंमुळं खणून काढली: कुणाचा नातू, आजोळ कुठलं, बेचाळीस साली चिमूरच्या गडबडीत त्याचा काका तुरुंगात गेला होता तोच का हा. "आपला माणूस हाय, मनकर्णा," त्यानं खाटेशी येऊन सांगितलं होतं. "आता काय फिकीर नाई." सोयरिकीची चौकशी करावी तशी चौकशी. हाताला काय येतं, हे त्यात कुठं बसतच नव्हतं.

पण मुखरूला दोष देऊन काय उपयोग? मुखरूला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं तिला.

बाहेर चपलांचा आवाज झाला. "या ना भाऊ, या," वहिनी पुढं झाली. अयूब उंच, खांद्यावर बांगड्यांचं गाठोडं. घर सोडताना ते घरी ठेवणं त्याला जमलंच नसावं. त्याची बायको अमिना दाराशीच थांबून पदर सारखा करत होती. आणि मागं मुलगी, शमीम, ओढणी डाव्या गालावर आणून दातांत धरलेली. ती धरण्याची तऱ्हा मनकर्णानं लगेच ओळखली. तीही पदर असाच धरायची. अजून धरते, बाजारात.

चहा झाला. मग अयूबनं जरा खाकरून म्हटलं, "बाई, वाईट नका मानू. जरा उजेडाकडे पाहता का?"

तिनं पाहिलं. मग डावीकडे वळा. मग जरा वर. अमिना अगदी जवळ आली, तिच्या श्वासाला लवंगेचा वास होता, आणि गालावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "किती साफ हाय हो! शिवण दिसतच नाई." बोट ठेवलेलं मनकर्णाला दिसलं, लागलं नाही. मुलगी पाहायला आलेल्या बायका अशाच करत असतील का... केस सोडून दाखव, चालून दाखव. आलं एकदाचं माझ्याही वाट्याला! तिशी उलटल्यावर, आणि तेही दुसऱ्याच्या पोरीसाठी.

"चौकशी पक्की केली मी," अयूब वहिनीला सांगत होता. "खानदान चांगलं. दारूले शिवत नाई. गरिबाशी मिठ्ठास बोलते. त्याचा आजा माझ्या बापाकडून बांगड्या घेत होता. अजून काय पायजे?" मग तो मनकर्णाकडे वळला. "डॉक्टर साहेब बोलले, तो पुरा चेहरा मीच बनवला. डोळा तेवढा राह्यला, तर तो अस्वलानंच बिघडवला होता, त्याले कोणाचा इलाज नोहता. बरोबर ना, बाई?"

तिच्या हातातली विडी अर्धी वळलेली होती. पान उलगडलं, तंबाखू सुपात सांडली.

"हो," ती म्हणाली. "अस्वलानं."

का म्हणाली? चार माणसांत डॉक्टरला खोटं कसं पाडायचं, म्हणून? का तोंडाला 'हो' म्हणायचीच सवय, त्याच्या बाबतीत... ती दुपार पुन्हा समोर आली, किती वर्षं ती अशी न बोलावता यायची. दुपार, फिनेलचा वास, शेजारची खाट रिकामी. तो एकटाच आला होता. पट्टी बदलताना रोज धरायचा तशी हनुवटी धरली होती. "मनकर्णा, उद्या डोळ्याखालचं काम हाय. साहेब म्हणते, तू हो म्हणत असशीन तर मी करू शकतो." मग, आवाज खाली आणून, "मी आजवर कधी केलं नाई. पाह्यलं हाय फक्त." खरं बोलला होता तो. आपली भाषा, खरं बोलणं, हनुवटीखाली हात. घरचेही जिकडं बघायचं टाळत होते तिकडं तो रोज बघत होता. साहेबांनाच करू द्या, एवढं म्हणायला काय जात होतं? जीभ झडली असती? पण तो हिरमुसला असता. उद्यापासून पट्टी बदलायला कुणी दुसरंच आलं असतं. आवडत होता तो मला. झालं! आता हे लपवायचं कुणापासून... या खांबापासून?

करा, असं म्हणाले होते मी.

जखम भरत गेली आणि पापणी खाली येत गेली. साहेबांनी पाहिलं, त्याला बाहेर घेऊन गेले. संध्याकाळी तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. "थोडं खाली आलं," एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. तिचा एक भरलेला होता, तो मिटत नव्हता. नंतर तो आला नाही. तिनं कधी राग धरला नाही. तो कुठंतरी आहे आणि आपल्या डोळ्याची आठवण त्याच्या मनात सलते आहे, यावर तिनं एवढी वर्षं काढली होती. त्याचं एकट्याचं नव्हतं ते, तिचंही होतं. दोघांनाच ठाऊक असलेलं एवढं एकच. आणि आज हा भला माणूस चांद्याहून येऊन सांगतो की डोळा अस्वलानं केला. साहेबांचा गाल डॉक्टरनं स्वतःच्या नावावर लावला, आणि स्वतःचा डोळा अस्वलाच्या. मग ती दुपार? माझं 'करा'? ते कुणाच्या नावावर?

ओसरीवर गाठोडं सुटलं होतं. वहिनी आणि अमिना रंग पाहत होत्या, अयूब भाव सांगत होता. शमीम हिरव्या बांगड्या घेऊन आत आली. "अब्बा म्हणते, बाईले भरून दे." तिनं मनकर्णाचा हात मांडीवर घेतला, बोटं एकत्र दाबली, अंगठ्याचं हाड हळूच आत ढकललं. सराईत हात होता. एक बांगडी गेली, दुसरी गेली. ओढणी गालावरून सुटली होती. डोळ्याखाली चुरगळलेली कातडी होती, पण वरचा डोळा... किती लख्ख डोळा! पापणी हलत होती, मिटत होती, उघडत होती.

"झोपताना मिटते का हो तुमचा?" खाली बघतच शमीमनं विचारलं.

"नाई."

"दुखते?"

"उन्हाळ्यात. वारा सुटला की." सांगावं? एक वाक्य पुरे होतं. त्या एका वाक्यानं चांद्यातला त्याचा दवाखाना बुडेल... आणि नाही सांगितलं तर ही पोर, बांगड्या भरणारी, उद्या ओलं फडकं बांधून झोपेल. तिनं मोकळ्या हातानं मुलीचं मनगट पकडलं.

"पोरी, तुह्या बापानं समदी चौकशी केली, एक राह्यली. ते तू कर. डॉक्टरले विचार, मनकर्णाचा डोळा कोणं केला? त्याच्या तोंडाकडे पाहून विचार. 'मी केला, चुकला माह्या हातून' म्हणंल, तर मंग पुढचं विचारजो, त्याच्यानंतर किती केले, ते लोक कुठी राह्यते. अन् पुन्हा अस्वलाचंच नाव घेतलं..." तिनं मनगट आणखी घट्ट धरलं. "त नागपूरले जा. मोठ्या दवाखान्यात. चांद्यात नोको करू. माही आण हाय तुले."

समजलं का शमीमला? मान हलवली तिनं, पण मुली मान हलवतातच. तीही हलवायची. मग शेवटची बांगडी चढली, बाहेरून अयूबनं हाक मारली, ओढणी पुन्हा दातांत गेली. "येते बाई," ती म्हणाली, आणि गेली.

वहिनी त्यांना स्टेशनच्या वळणापर्यंत सोडायला गेली. मनकर्णा खांबाशीच बसून राहिली. बरं केलं, ती स्वतःला म्हणाली. पोरीचा डोळा वाचेल. हो, पोरीसाठीच... आणि मग एकदम लख्ख कळलं, आणि लाज वाटली, की पोरीसाठी तर 'नागपूरला जा' एवढंच पुरे होतं. आधी त्याला विचारून ये, असं सांगितलं ते कुणासाठी? काय म्हणेल तो? मान खाली घालेल? नाव ऐकून क्षणभर थांबेल तरी? एवढी वर्षं त्याला काय वाटत असेल ते तिला ठाऊक होतं, आणि आजपासून ठाऊक नव्हतं. आणि जे काही तो बोलेल ते सांगायला मूलला परत कोण येणार होतं?

वहिनी परतली ती बोलतच. "गुणाची पोरगी हाय हो. अन् तुह्या गालावर तं तिची माय फिदाच झाली..." मग जवळ येऊन थबकली. "रडतेस काऊन?"

रडत नाई, डोळाच तसा हाय... उत्तर जिभेवर आलं. मनकर्णानं बांगड्यांचा हात उचलला, सवयीनं डाव्या डोळ्याकडे नेला, आणि मध्येच थांबवला. ऊन ऊन काहीतरी हनुवटीकडे ओघळत होतं. ते तिला लागत होतं. उजव्या गालाला कळत होतं.